भिंतीत गेलेलं काम

डिसेंबरात देवघराची भिंत ओली दिसली, तेव्हा आईनं भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. आदिलाबादेत पावसाळा सरला की भिंती इतक्या कोरड्या पडतात की जुन्या रंगाचे पोपडे आपोआप सुटतात. आणि इथं न्हाणीघराला पाठ लावून असलेल्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, ताटाएवढा डाग. दुसऱ्या दिवशी तो परातीएवढा झाला. चौथ्या दिवशी गणपतीच्या तसबिरीखालचा रंग पुरीसारखा फुगला.

दीड महिन्यापूर्वी, नरक चतुर्दशीच्या पहाटे, आमच्या घरात पहिल्यांदा अभ्यंगस्नानाचं पाणी नळातून आलं होतं. तोवर अंगणातल्या चुलीवर हंडा चढायचा. हा कापसाचा मुलूख, त्यामुळे सरपण पऱ्हाट्यांचं. वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्यांचे भारे कुंपणाशी उभे राहायचे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुरायचे. पऱ्हाटी भसकन पेटते नि तशीच विझते. हंड्यापुढे कुणीतरी बसून ती सारत राहावी लागते आणि आमच्या घरी ते कुणीतरी म्हणजे आई. गीझर बसवण्याचा हट्ट माझा होता. म्हणून तर तिनं माझ्याकडे बघितलं.

आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंबही माळ्यावर आहे. मधोमध धुराड्याची नळी, तिच्यात निखारे, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यातून गार पाण्याचा तांब्या ओतला की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर पडायचं. लहानपणी मला ती जादू वाटे. गार पाणी नळीवाटे तळाशी जातं आणि वर तरंगणाऱ्या गरम पाण्याला बाहेर ढकलतं, एवढंच त्यातलं गुपित. आजचा गीझरही अगदी तेच करतो. त्यात वेगळी मोटर नसते, गार पाणी खालून शिरल्याशिवाय गरम पाणी वरून निघत नाही. म्हणून गच्चीवरची टाकी रिकामी झाली की पंधरा लिटर उकळीचं पाणी पोटात असूनही गीझरचा नळ कोरडा राहतो. बंब वापरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

पण बंब उघड्यावर असायचा. गळला तर दिसायचा, तांबट डाग द्यायचा. गीझरचं निम्मं काम भिंतीच्या पोटात जातं आणि वरून टाइल बसते. मग चूक कुणाची, कुठे, कधीची, हे कळायला भिंतच फोडावी लागते.

०००

तेलंगणात कसली आलीय थंडी, असं म्हणत हैदराबादचे पाहुणे पातळ शाल घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गोधड्या मागतात. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा एक आकड्यावर उतरतो. आर्ली, बेला या पैनगंगेच्या बाजूच्या गावांची नावं एरवी हैदराबादच्या वर्तमानपत्रांत दिसत नाहीत, पण त्या दिवसांत राज्यातल्या सगळ्यांत गार गावांच्या यादीत ती हटकून असतात. पौष अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळाचे गोंड लोक त्यासाठी गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात. आमच्याकडे गीझरचा हंगाम म्हणजे दिवाळी ते नागोबाची जत्रा. पुढे ऊन चढू लागतं आणि मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. तीच टाकी चार महिने बंब असते आणि दोन महिने माठ.

घर तापवण्याची पद्धत आमच्याकडे नाही. शेकोटी अंगणात, गोधडी अंगावर. तापवायचं ते पाणी. आणि पाणी घरात नळानं येऊ लागलं तसं तापवणंही नळाच्या मागोमाग आत आलं. ऑगस्ट २०१६ मध्ये तेलंगणात मिशन भगीरथचं उद्घाटन झालं. खेड्यात माणशी रोज १०० लिटर आणि नगरपालिकेच्या हद्दीत १३५ लिटर, असा त्या योजनेचा हिशेब. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात २०१९ साली केंद्राचं जलजीवन मिशन आलं, त्याचा हिशेब माणशी ५५ लिटरचा. आकडे आणि प्रत्यक्ष नळ यांत अंतर असतंच, ते दोन्ही तीरांवरच्या बायका सांगतील. पण दाराशी तोटी आली की माणूस पुढचा विचार करतो, ती न्हाणीघरात नेता येईल का, आणि नेलीच तर गरम करता येईल का. इथून प्लंबरचा शोध सुरू होतो.

आमच्या भागात नळाला तेलुगू माणूसही ‘नल्ला’च म्हणतो. शेजारच्या घरात ‘उडुकु नीळ्ळु’ तापतात, आमच्याकडे ‘कढत पाणी’, मिस्त्री मात्र दोन्हीकडे तोच. तो दखनीत दर सांगतो, तेलुगूत हाताखालच्या पोराला रागावतो आणि मराठीत चहा मागतो. आणि ठेक्याला सगळे मिळून ‘गुत्ता’ म्हणतात.

०००

हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला अनोळखी वाटेल. पश्चिम महाराष्ट्रात कंत्राटदार, विदर्भात ठेकेदार, तसा मराठवाड्यात गुत्तेदार. तेलुगूतही गुत्तेदारच. निजामाच्या राज्यात हे सगळे मुलूख एकत्र नांदले, त्याची ही खूण. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्रात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. तालुके वाटले गेले, शब्द वाटले गेले नाहीत. किनवटचा माणूस आजही घर गुत्त्यानं देतो आणि आम्हीही.

काम द्यायच्या रीती मुख्यतः तीन. पहिली पूर्ण गुत्ता. सामान, मजुरी सगळं मिस्त्रीचं, आपण एकरकमी आकडा ठरवायचा. दुसरी लेबर गुत्ता. सामान आपलं, मजुरी पॉइंटप्रमाणे, म्हणजे नळाचं, शॉवरचं, गीझरचं प्रत्येक तोंड मोजून. तिसरी रोजी. दिवस भरला की पैसे. पूर्ण गुत्त्यात मिस्त्रीचा फायदा स्वस्त पाइपात आणि घाईत असतो, रोजीत तो दिवस लांबवण्यात असतो. लेबर गुत्त्यात मिस्त्री आपल्याला दुकानात घेऊन जातो. त्या दुकानाकडून त्याला कमिशन मिळतं, हे तो, दुकानदार आणि आपण तिघंही जाणून असतो आणि तिघंही बोलत नाही. कुठलीच रीत पापाची नाही. मिस्त्रीचा फायदा कुठे आहे तेवढं ओळखून तिथं आपण उभं राहायचं.

मी काय केलं? तिघांकडून आकडे घेतले आणि सगळ्यांत कमी आकड्याला पूर्ण गुत्ता दिला. पाइप कोणता, कोणत्या जातीचा, हे विचारलंच नाही. टाइल कोणती हवी, यावर मात्र घरात आठवडाभर चर्चा चालली. जे डोळ्यांना दिसणार त्याची निवड आम्ही केली आणि जे दिसणार नाही ते त्याच्यावर सोडलं. दहा दिवसांत काम झालं, पैसे चुकते झाले. डाग दिसल्यावर फोन केला तर आधी ‘उद्या येतो’, मग ‘नांदेडला आहे’ आणि मग फोनच लागेना. त्या माणसाचं नाव लिहून काही साधायचं नाही. पावती मी घेतली नव्हती, करार केला नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पैसे देऊन घेतलेली सेवा सदोष असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण तिथं दाखवायला माझ्याकडे फक्त ओली भिंत होती.

०००

दुसरा मिस्त्री सोयरिकीतल्या एकाच्या ओळखीनं आला. पन्नाशीचा, बेलाकडचा. आल्यावर त्यानं न्हाणीघरात पाऊलही टाकलं नाही. आधी देवघराच्या डागावर तळहात ठेवून तो उभा राहिला आणि मला गीझर चालू करायला सांगितलं. मग विचारलं, “आता पाहा, कोमट लागते का?” भिंत कोमट होती.

टाइल फुटली, छिन्नी चालली, पाइप उघडा पडला. त्यानं तो बोटानं दाबला. “काका, हा थंड्या पाण्याचा पाइप आहे. याच्यात गरम पाणी गेलं तं हा मऊ पडते.” कोपऱ्यावरच्या सांध्यापाशी पाइप खरोखरच वाकला होता, उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारखा.

घरात साधारणपणे तीन जातींचे पाइप भेटतात. जुन्या घरात जीआय, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. ते आतून गंजत अरुंद होत जातं. थंड पाण्याला पीव्हीसी किंवा यूपीव्हीसी. गरम पाण्याला सीपीव्हीसी, बहुधा मलईच्या रंगाचा. पीव्हीसीतच क्लोरीन वाढवलं की हा पाइप होतो आणि उत्पादक त्याची मर्यादा ९३ अंश सेल्सिअसपर्यंत सांगतात. साधा पाइप त्याच्या बराच अलीकडे मऊ पडतो. प्रत्येक पाइपावर त्याची जात, जाडी आणि मानक छापलेलं असतं. सीपीव्हीसीवर भारतीय मानक १५७७८ हा आकडा बघायचा. सांधे चिकटवायचं द्रावणही प्रत्येक जातीचं वेगळं. माझ्या भिंतीतल्या पाइपावरही त्याची जात छापलेलीच होती. भिंत बुजवण्याआधी मी दोन मिनिटं तिथं वाकलो असतो तर वाचता आली असती.

मिस्त्रीनं मग गीझर उतरवला. तो तर नवाच, तो कशाला, असं मी म्हटलं. तो म्हणाला, पाणी कुठलं जोडलंय? बोरचं जोडलं होतं. झाकण काढून त्यानं तापणारी दांडी बाहेर ओढली. तिच्यावर अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर होता आणि टाकीच्या तळाशी खापऱ्यांचा मूठभर ढीग. आईनं एक खापरी उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. ती फसफसली. “चुनाच की हा,” आई म्हणाली.

चुनाच. आदिलाबादच्या आसपास जमिनीखाली चुनखडक आहे, भूगर्भशास्त्रात त्याला पैनगंगेचंच नाव आहे. त्या दगडाच्या जोरावर सरकारी सिमेंट महामंडळानं इथं कारखाना काढला होता. १९९८ पासून तो बंद आहे. कारखाना बंद पडला, पण पाण्याचं काम थांबलेलं नाही. जमिनीत मुरताना ते चुना विरघळवून घेतं, बोरमधून वर येतं आणि तापलं की तोच चुना गीझरच्या दांडीवर सोडतं. थर जाड झाला की दांडीची उष्णता पाण्यात उतरत नाही, वीज जास्त जळते आणि शेवटी दांडीच जळते. टाकीत मॅग्नेशियमची आणखी एक सळई असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. वर्षा-दोन वर्षांनी ती बघायची असते आणि संपली असेल तर बदलायची असते. गीझर विकणारा हे सांगत नाही, बसवणाराही सहसा सांगत नाही. आमच्या मिस्त्रीनं उपाय सोपा केला. गीझरला योजनेच्या नळाचं, त्या मानानं मऊ पाणी जोडलं आणि बोरचं पाणी संडास-अंगणासाठी वेगळं काढलं. दोन पाणी असलेल्या घरात गीझर कोणत्या पाण्यावर, हा प्रश्न पाइपाच्या जातीइतकाच मोलाचा.

०००

मिस्त्री ठरवण्याआधी आपल्याला काय हवं ते ठरवावं लागतं आणि त्याचा हिशेब घरच्या घरी होतो. जानेवारीत टाकीतलं पाणी १५ अंशांचं धरा. पंधरा लिटरचा गीझर ते ६० अंशांवर नेतो. अंगावर घ्यायला ४० अंश पुरे. गार पाणी मिसळलं की पंधराचे सत्तावीस लिटर होतात, म्हणजे सव्वा-दीड बादली. दोन किलोवॅटच्या दांडीला एवढं तापवायला पंचवीसेक मिनिटं लागतात आणि पाऊण-एक युनिट वीज जाते. घरात चार माणसं पाठोपाठ न्हाणारी असतील तर एक तर पंचवीस लिटरचा गीझर घ्यावा, नाहीतर तिसऱ्या माणसानं पोथी वाचत बसावं. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर भांड्यांना ठीक, अभ्यंगस्नानाला नाही.

शॉवरचंही तसंच. पाण्याचा दाब उंचीनं मिळतो, दर दहा मीटरला साधारण एक किलो. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी न्हाणीघराच्या नळापेक्षा तीनेक मीटर उंच, म्हणजे तिथं दाब पाव ते तृतीयांश किलोच. जाहिरातीतल्यासारखा धबधबा हवा असेल तर पंप बसवावा लागतो आणि पंप बसवला की गीझर आणि पाइप त्या दाबाला टिकणारे लागतात. मिस्त्रीला हे विचारून बघावं. जो न मोजता ‘होऊन जाईल’ म्हणतो, तो पुढेही मोजणार नाही.

विजेच्या कामाला वायरमन वेगळा बोलवावा, प्लंबरनं ‘तेही करून देतो’ म्हटलं तरी. गीझरला स्वतंत्र जाड तार, सोळा अँपिअरचं सॉकेट, खरोखर जमिनीत उतरलेलं अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारं आरसीसीबी. बादलीत सोडायचा हीटर रॉड स्वस्त म्हणून खेड्यापाड्यांत सर्रास दिसतो. तो चालू असताना बादलीत हात घालून पाणी तापलं का ते बघणारे दर हिवाळ्यात जिवाला मुकतात.

सोलर आमच्याकडे चांगलं चालतं, कारण थंडीत इथलं आभाळ निरभ्र असतं. फक्त पट्ट्या दक्षिणेला तोंड करून हव्यात, टाकी त्यांच्या वर हवी आणि गच्चीवरून खाली येणाऱ्या नळीला उबदार वेष्टण हवं, नाहीतर रोज पहाटे पहिली बादली गारच वाहून जाते. गॅस गीझरबद्दल मात्र एकच सांगणं. बंद न्हाणीघरात तो बसवू नये. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. माणूस दाराला कडी लावून न्हायला जातो आणि बाहेरचे हाका मारत राहतात.

ब्रिटनमध्ये राहणारा माझा भाचा सांगतो की तिथं गॅसच्या बॉयलरला हात लावायचा तर कारागिराचं नाव ‘गॅस सेफ’ नोंदवहीत असावंच लागतं. २००९ पासून ही नोंदवही आहे, आणि दारात आलेल्याकडे ओळखपत्र मागणं हा तिथं शिष्टाचार समजला जातो. आमच्याकडे मोठ्या महानगरपालिका प्लंबरना परवाने देतात, आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम आहे, ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचे प्लंबर तर देशभर कामं करतात आणि त्या जिल्ह्यात पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. पण आदिलाबादच्या अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा बहुतेक कारागीर कुणाच्या तरी हाताखाली शिकलेला असतो. त्याला ओळखपत्र मागितलं तर त्याचा अपमान होईल आणि माझा वेडेपणा ठरेल. मग पारखायचं कसं?

०००

पारखायची रीत मिस्त्रीनंच दाखवली. नवी लाइन टाकून झाली, खाचांत मलईच्या रंगाचे पाइप आखल्यासारखे बसले. दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन भिंत बुजवणार, असं मी गृहीत धरलं होतं. मिस्त्री म्हणाला, “अजून नाही. आज रात्री इले असंच राहू द्या.” सांधे वाळायला वेळ दिला. दुसऱ्या दिवशी सगळ्या नळांच्या तोंडांवर बुचं बसवली, लाइन पाण्यानं भरली, हवा काढली आणि एक छोटा हातपंप जोडला, त्यावर घड्याळासारखी तबकडी. दांडा दाबत गेला तशी तबकडीची सुई वर सरकत गेली. रोजच्या दाबाच्या दीडपट तरी चढवायची, पण तो त्याच्या कितीतरी पुढे गेला. मग खिशातली पेन्सिल काढून त्यानं सुईच्या टोकाशी काचेवर रेघ मारली आणि चहा प्यायला बसला.

सुईकडे बघत प्यालेला तो चहा मला आठवतो. सांधा कुठे कच्चा असेल तर सुई उतरणार, लपवायला जागा नाही. पहिल्या गुत्त्यात मी विचारल्या नव्हत्या त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या सुईत होती. तासाभरानं ती किंचित खाली आली. मिस्त्री उठला, एकेक सांधा बोटानं चाचपत गेला आणि शॉवरच्या कोपऱ्याशी थांबला. बोटाला ओल लागली. तेवढा तुकडा त्यानं कापून नवा टाकला, पुन्हा रात्र जाऊ दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुई रेघेवर होती.

या दोन दिवसांचे जादा पैसे त्यानं मागितले नाहीत, पण मी दिले. गुत्ता करताना आपण पाइपाचे आणि पॉइंटचे पैसे ठरवतो, या थांबण्याचे ठरवत नाही. त्यामुळे जो थांबतो त्याचं नुकसान होतं आणि जो घाईनं भिंत बुजवतो त्याचा फायदा. आता मी कुणाला सल्ला द्यायचा झाला तर एवढाच देतो. पाइपाची जात आणि दाबाची चाचणी गुत्त्याच्या कागदावर लिहून घ्या, ते बघण्याचा दिवस ठरवा आणि शेवटचा मोठा हप्ता त्या दिवशी द्या. जो मिस्त्री या अटीला कुरकुरेल त्याला तिथंच चहा पाजून निरोप द्यावा. काम भिंतीत जाण्याआधीच पारखता येतं. नंतर उरतो तो फक्त विश्वास, आणि विश्वासाला सुई नसते.

बुजवण्याआधी मिस्त्रीनं आणखी एक काम करायला लावलं. भिंतीला उभी-आडवी मोजपट्टीची फीत धरून प्रत्येक खाचेचे फोटो. जमिनीपासून किती, चौकटीपासून किती. मी ते फोटो मोबाइलमध्ये ठेवले होते. आईनं छापून आणायला लावले आणि पंचांगाच्या मागे खिळ्याला अडकवले.

गेल्या दिवाळीला आकाशकंदिलासाठी नवा हुक ठोकायचा होता, न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर, आडोशाला. मी हातोडी घेऊन स्टुलावर चढलो. आई म्हणाली, “थांब जरा.” ती आत गेली, पंचांगामागचे फोटो घेऊन आली, चष्मा लावून एकेक बघितला आणि भिंतीवर चार बोटं डावीकडे खूण केली. मग म्हणाली, “आता ठोक.”